गुलाबाच्या मुळाशी घातलेले हाड

देवाला वाहायच्या फुलाच्या झाडाला हाडांचा चुरा घालावा का, हा प्रश्न वरवर पाहता बागेतल्या एका खतापुरता वाटतो. परंतु शुद्धता म्हणजे काय, वस्तूचे मूळ तिच्या अखेरच्या रूपाला चिकटून राहते काय, आणि एका जीवाने दुसऱ्या जीवावर जगण्यात दोष असेल तर तो कोणाच्या माथी बसतो, असे तीन जुने प्रश्न त्याच्या पोटात आहेत. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूर आणि शेलू यांच्या दरम्यान असलेले, अंबरनाथ तालुक्यातील वांगणी हे गाव रोपवाटिकांसाठी, त्यातही गुलाबाच्या कलमांसाठी ओळखले जाते, आणि या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. येथून नेलेले कलम बदलापूर, अंबरनाथ वा उल्हासनगरातील एखाद्या अंगणात किंवा गच्चीवर रुजते, त्याचे फूल सकाळी देव्हाऱ्यात जाते, आणि त्याच तालुक्यात मलंगगडावर हाजी मलंगच्या दर्ग्यात गुलाबाच्याच पाकळ्या वाहिल्या जातात. ऑक्टोबरात छाटणीनंतर खत भरायची वेळ आली, की शाकाहारी घरातील माणूस बोनमीलच्या, म्हणजे हाडांच्या चुऱ्याच्या, पुड्यापाशी अडखळतो. ही अडखळण त्याच्या विवेकाची खूण आहे आणि तिला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे योग्य नाही.

प्रथम जमिनीकडे पाहिले पाहिजे, कारण हाडांची गरज तिथून निर्माण होते. वांगणीच्या आसपासची जमीन बेसाल्ट खडक झिजून झालेली आहे. उल्हास नदीच्या काठाने ती खोल आणि गाळाची, तर डोंगराकडे सरकावे तशी उथळ, तांबूस आणि मुरमाड होत जाते. वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस या मातीतील चुना आणि पालाश धुऊन नेतो, त्यामुळे ती आम्लधर्मी होते, आणि आम्लधर्मी मातीतील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला, म्हणजे मूळ धरण्यास व फूल येण्यास लागणाऱ्या फॉस्फरस या अन्नद्रव्याला, असे जखडून ठेवतात की तो असूनही मुळांना मिळत नाही. गुलाबाला सामू, म्हणजे आम्लतेचे माप, सहा ते साडेसहाच्या आसपास असलेली, भुसभुशीत आणि पाण्याचा निचरा होणारी माती लागते; पावसाळ्यात त्याच्या मुळाशी पाणी साचले तर मुळे गुदमरून कुजतात, आणि म्हणून या भागात गुलाब गादीवाफ्यावर किंवा कुंडीत लावणे शहाणपणाचे ठरते. अशा मातीत हाडांचा चुरा दुहेरी उपयोगाचा असतो, कारण त्यात स्फुरदाबरोबर चुन्याचा अंशही असतो आणि आम्ल ओलाव्यात तो हळूहळू विरघळत महिनोन्‌महिने झाडाला पुरतो. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत मात्र तोच चुरा जवळजवळ तसाच पडून राहतो. एकूण काय, तर हे खत वांगणीच्या बागकाराने हौसेपोटी निवडलेले नाही, त्याच्या पायाखालच्या मातीनेच ते मागितले आहे.

छाटणी झाली, की जाणता माणूस बुंध्याभोवतीची वरची माती हलक्या हाताने उकरून आळे मोकळे करतो, काही दिवस त्याला ऊन खाऊ देतो, मग चांगले मुरलेले शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि मूठभर वाफवलेला हाडांचा चुरा मातीत कालवून आळे पुन्हा भरतो. चुरा वरवर पसरून चालत नाही. त्याच्या वासाने रात्री कुत्री येतात आणि झाडासकट आळे उकरून टाकतात. शेणखत मुरले की नाही हे तो मूठ नाकाशी नेऊन ओळखतो. कच्च्या शेणाचा उग्र दर्प जाऊन पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला, की खत तयार झाले. हा वास मातीतील ॲक्टिनोमायसीट नावाच्या सूक्ष्मजीवांनी निर्माण केलेल्या जिओस्मिन या द्रव्याचा असतो. दर्पाकडून मातीच्या वासाकडे आणि पुढे गुलाबाच्या सुगंधाकडे जाणारी ही वाट प्रस्तुत विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे.

धर्मशास्त्राने शुद्धीचा विचार फार बारकाईने केला आहे. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा 1953 साली प्रसिद्ध झालेला चौथा खंड पाप, प्रायश्चित्त आणि आशौच यांबरोबर शुद्धीलाही वाहिलेला आहे. स्मृतिकारांच्या दृष्टीने हाड अशुद्ध खरेच. परंतु ज्या भूमीत ते पडले तिला कायमची अशुद्ध ठरवून ते थांबले नाहीत. भूमी पुन्हा शुद्ध करण्याचे पाच उपाय मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात येतात: झाडणे, शेणाने सारवणे, पाणी शिंपडणे, वरचा थर खरवडणे आणि गाईंना तिच्यावर राहू देणे. याज्ञवल्क्यस्मृतीने या यादीत दाह आणि काल, म्हणजे अग्नी आणि नुसता लोटणारा वेळ, यांची भर घातली आहे. ही यादी खतखड्ड्याशेजारी उभे राहून वाचणाऱ्याला एक विलक्षण गोष्ट दिसते. शेण, पाणी, उकरणे, उष्णता आणि काळ हेच तर कंपोस्ट होण्याचे घटक आहेत. नीट रचलेल्या ढिगाचे तापमान 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि त्यात रोगजंतू मरतात. भातशेतीत कोकणातला शेतकरी पेरणीपूर्वी शेण, पालापाचोळा आणि फांद्या पसरून राब भाजतो, तोही भूमीचा दाहच होय. स्मृतिकारांना सूक्ष्मजीव ठाऊक नव्हते आणि त्यांच्या वचनांत आजचे जीवशास्त्र शोधण्याचा मोह टाळलाच पाहिजे. तरीही काळाला शुद्धीचे साधन मानण्यात त्यांनी मातीचे एक लक्षण अचूक टिपले होते, ते हे की माती आपल्यात पडलेल्या कोणत्याही वस्तूला तिच्या जुन्या रूपात राहू देत नाही.

येथे दर्शनशास्त्राचा एक जुना वाद उपयोगी पडतो. सांख्यांचा सत्कार्यवाद सांगतो, की कार्य उत्पत्तीपूर्वीच कारणात असते, जसे तेल तिळात. हे मत जसेच्या तसे लावले तर गुलाबात हाड कोठेतरी आहेच, आणि अडखळणाऱ्या शाकाहारी माणसाची शंका खरी ठरते. न्याय-वैशेषिकांचा आरंभवाद याच्या उलट आहे. त्यांच्या मते कार्य ही नव्याने सुरू झालेली वस्तू असते, कारणात ती आधी नसते. परंतु या वादाहून वैशेषिकांचा पाकविचार येथे अधिक महत्त्वाचा आहे. पाक म्हणजे उष्णतेच्या संयोगाने होणारा गुणांचा पालट. वैशेषिकांच्या मते रूप, रस, गंध आणि स्पर्श हे पार्थिव द्रव्याचे गुण पाकाने बदलतात. कच्चा घडा भट्टीत गेला की तो परमाणूंपर्यंत विघटित होतो, त्या सुट्या परमाणूंत नवे गुण उपजतात, आणि मग त्यांपासून नवा घडा जुळतो. या मताला पीलुपाकवाद म्हणतात. नैयायिक मात्र घडा न मोडता अखंड अवस्थेतच गुण पालटतात असे मानतात. घड्याच्या बाबतीत कोणाचे म्हणणे खरे हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी मातीत पडलेल्या हाडाच्या बाबतीत वैशेषिकांची कल्पना नेमकी बसते. गुलाबाचे मूळ हाड खात नाही, खाऊ शकतही नाही. हाड विरघळून त्यातील स्फुरद पाण्यात सुटा होतो तेव्हाच मुळाच्या केसासारख्या तंतूंना तो शोषता येतो, आणि त्या सुट्या कणावर तो बैलाच्या पायातून आला की खडकातून, याची कोणतीही खूण नसते.

याच वैशेषिकांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण ठरवला आहे, म्हणजे पाणी, तेज, वायू यांच्यात नसलेला आणि केवळ पार्थिव द्रव्यात असणारा गुण. मानसपूजेत पृथ्वीतत्त्वाच्या नावाने गंधच अर्पण करतात, आणि भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात श्रीकृष्ण आपल्या विभूती सांगताना पृथ्वीतील पवित्र गंधाशी स्वतःला एकरूप करतो. हा धागा हाती धरला तर असे म्हणावे लागते, की खताचा दर्प आणि गुलाबाचा सुगंध हे दोन्ही एकाच पृथ्वीचे गुण असून त्यांच्यात अंतर आहे ते पाकाचे. देवाला गुलाब वाहणारा माणूस खरे पाहता पृथ्वीने केलेले पाकाचे काम वाहत असतो. त्या कामाच्या आरंभी काय पडले होते, यावरून त्याच्या अखेरीची शुद्धता ठरवता येत नाही.

आता हिंसेचा आक्षेप. तो शुद्धतेच्या आक्षेपाहून वेगळा आणि अधिक गंभीर आहे, कारण तो वस्तूच्या डागाबद्दल बोलत नाही, जीवाच्या वेदनेबद्दल बोलतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शेतीवर असा ठपका आहे, की लोखंडी तोंडाचे लाकूड भूमीला आणि भूमीतल्या जीवांना इजा करते. जैन विचार याहून पुढे जाऊन स्वतः पृथ्वीलाच एकेंद्रिय जीवांची काया मानतो आणि श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, टाळावयाच्या पंधरा व्यवसायांत जमीन फोडण्याचा समावेश करतो. दिगंबर तेरापंथी परंपरेत तर पूजेत सचित्त, म्हणजे सजीव, फूल वाहणेच वर्ज्य आहे. हा विचार आपल्या टोकापर्यंत प्रामाणिक आहे. वैदिक गृहस्थधर्माने दुसरी वाट धरली. चूल, पाटा-जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा या गृहस्थाच्या घरातील पाच जागा जीवहत्येच्या आहेत, हे त्याने पंचसूना या नावाने उघड कबूल केले आणि त्याची भरपाई म्हणून रोजचे पाच महायज्ञ सांगितले. त्यांपैकी भूतयज्ञ म्हणजे आपल्या अन्नातील वाटा कुत्रे, पक्षी, किडे अशा जीवांसाठी भूमीवर काढून ठेवणे. निरपराधपणाचा दावा न करता देणे चुकते करत राहण्याची ही वृत्ती बागेला विशेष लागू पडते. गांडुळांना कुजका पाला मिळणे, मातीवर आच्छादन राहणे, मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीला अन्न पोहोचणे ही भूतयज्ञाची आजची रूपे आहेत. चार्ल्स डार्विनने 1881 साली गांडुळांवर संपूर्ण पुस्तक लिहून सुपीक माती ही त्यांच्या श्रमांची निर्मिती आहे हे दाखवले, तेव्हा त्या यज्ञातील भूतांना एक नेमका चेहरा मिळाला.

प्राण्यांच्या अवशेषांचे खत ही काही परदेशी चालही नव्हे. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात कुणपजल नावाचे द्रवखत सांगितले आहे, ज्यात प्राण्यांचे मांस, चरबी आणि मज्जा पाण्यात उकळून, त्यात तिळाची पेंड, मध, शिजवलेले उडीद, दूध, तूप असे पदार्थ घालून ते उबदार जागी मुरवायचे असते. या ग्रंथाची हस्तलिखित पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती आणि 1996 साली एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशनने नलिनी साधले यांच्या इंग्रजी अनुवादासह ती प्रसिद्ध केली. पोथीत आहे म्हणून कुणपजल निर्दोष ठरते असे नव्हे. पण सात्त्विक बाग म्हणजे प्राण्यांच्या स्पर्शाविना फुललेली बाग, ही कल्पना परंपरेच्या नावावर खपवता येणार नाही, एवढे त्यावरून निश्चित होते. शिवाय हिंसेचेच मोजमाप करायचे असेल तर ते पुरते करावे. हाडाचा चुरा ज्या जनावराचा असतो ते खतासाठी मारलेले नसते. उलट फुलकिडे आणि मावा दिसताच फवारलेले विषारी कीटकनाशक, किंवा वाळवी व हुमणी मारण्यासाठी आळ्यात ओतलेले औषध, त्या क्षणी आणि हेतुपुरस्सर असंख्य जीव मारते, त्यांत निरुपद्रवी गांडुळे आणि मधमाश्याही जातात. बोनमीलच्या पुड्याला हात न लावणारा हात फवारणीचा पंप मात्र निःशंक उचलतो, ही विसंगती लहान नाही.

पांढऱ्याशुभ्र दाणेदार रासायनिक खताला जी निष्कलंकता चिकटली आहे तीही तपासून पाहावी. जॉन बेनेट लॉज या इंग्रज शेतकरी-संशोधकाने 1842 साली सुपरफॉस्फेटचे पेटंट घेतले ते हाडे व स्फुरदयुक्त खनिजे गंधकाम्लात विरघळवण्याच्या कृतीवर; त्या उद्योगाचा आरंभच हाडापासून झाला. आज हाडांची जागा खाणीतील फॉस्फेटने घेतली आहे, आणि भारत ज्या मोरोक्कोकडून ते मोठ्या प्रमाणावर आणतो तेथील थरांत प्राचीन समुद्रातल्या माशांचे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे दात व हाडे मुबलक सापडतात. काळाचे अंतर कोट्यवधी वर्षांचे झाले, एवढाच काय तो फरक. आणि काल हे शुद्धीचे साधन मानल्यावर एका हाडाला अपवित्र आणि दुसऱ्याला निष्कलंक म्हणण्यास आधार उरत नाही.

तथापि शुद्धतेच्या या चर्चेत जी गोष्ट सर्वांत जड आहे तिच्याविषयी स्मृतिकार, दर्शनकार आणि बागकार तिघेही बहुधा मौन पाळतात. मेलेले जनावर ओढून नेणे, त्याचे कातडे काढणे, हाडे वेगळी करणे हे काम महाराष्ट्राच्या गावगाड्यात विशिष्ट जातींवर लादलेले होते, आणि ते करणाऱ्या माणसालाच अशुद्ध ठरवले गेले. स्मृतींनी भूमीसाठी पाच-सात उपाय सांगितले, भांड्यांसाठी, वस्त्रांसाठी, धान्यासाठी सांगितले; जातीने अस्पृश्य ठरवलेल्या माणसासाठी मात्र ना काळ शुद्धी करणारा ठरला, ना अग्नी, ना पाणी. मातीला जे सहज दिले ते माणसाला नाकारले, हा या शास्त्राचा सर्वांत मोठा दोष आहे आणि त्याला कोणतीही सबब पुरणार नाही. 1927 च्या मार्चमध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजाला मृत मांस खाण्याचे आणि अप्रतिष्ठेच्या रूढ कामांचे जोखड फेकून देण्याचे आवाहन केले. या कामांना जखडून ठेवणारी वंशपरंपरागत गावचाकरी, म्हणजे महार वतन, कायद्याने संपुष्टात यायला मात्र 1958 साल उजाडावे लागले. तेव्हा गुलाबाला हाडाचे खत घालणाऱ्या घराने हाड अपवित्र आहे काय, याआधी हे हाड गोळा करणाऱ्या, फोडणाऱ्या आणि वाफवणाऱ्या हातांना योग्य मजुरी, हातमोजे, तोंडावरचा मुखवटा आणि माणूस म्हणून वागणूक मिळते काय, असे विचारावयास हवे. दोष असेलच तर तो तेथे आहे.

वारकरी परंपरेने हा प्रश्न हाडाच्याच रूपात समोर ठेवला आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून संत चोखामेळा मजुरांसह गाडले गेले, हा प्रसंग 1338 सालचा मानला जातो. परंपरा सांगते की नामदेव त्यांच्या अस्थी शोधायला गेले आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखून त्यांनी पंढरपुरास आणली; महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे. धर्मशास्त्राच्या हिशेबात दोन्ही बाजूंनी अशुद्ध, हाड म्हणून आणि त्या काळी अस्पृश्य मानलेल्या माणसाचे म्हणूनही, असे ते अवशेष देवाच्या दारात पूज्य झाले. पण चोखोबांच्या ज्ञातिबांधवांना त्याच दारातून आत जायला शतके थांबावे लागले, आणि 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केल्यानंतरच ते दार उघडले. मृताच्या हाडाला जो मान मिळाला तो जिवंत माणसाला द्यायला समाजाने सहा शतके घेतली, ही गोष्ट शुद्ध-अशुद्धाचा विचार करणाऱ्या कोणालाही ओलांडून जाता येणार नाही.

त्याच परंपरेतील सावता माळी आपल्या बागेच्या कामालाच विठ्ठलाची पूजा मानत, आणि अरणचा मळा सोडून पंढरीला जाण्याची त्यांना गरज वाटली नाही, असे सांगतात. त्यांच्या भूमिकेत फूल देवापर्यंत पोहोचते तेव्हा पूजा सुरू होते असे नाही. ती खुरपे मातीत जाते तेव्हाच सुरू झालेली असते. ही भूमिका मान्य केली, तर आळ्यात खत कालवणारा हात आणि देव्हाऱ्यात फूल ठेवणारा हात यांत सोवळ्या-ओवळ्याची भिंत घालता येत नाही. हाडांचा चुरा मनाला पटतच नाही, अशा घराने तो वापरू नये. शेणखत, निंबोळी पेंड, गांडूळखत आणि थोडे रॉक फॉस्फेट यांवर वांगणीचा गुलाब समाधानाने फुलतो. फक्त आपली बाग म्हणून अधिक पवित्र झाली, असे त्याने मानू नये.

राहिला निर्माल्याचा प्रश्न. देवावरून उतरवलेल्या फुलांवर कोणाचा पाय पडू नये म्हणून ती वाहत्या पाण्यात सोडण्याची रीत होती. उल्हास नदीचे पाणी कोट्यवधी फुलांचा आणि त्यांच्याबरोबरच्या प्लास्टिकचा भार वाहू शकत नाही हे उघड झाल्यापासून विसर्जनघाटांवर निर्माल्यकलश ठेवले जातात. घरच्या बागेत याहून नेमकी सोय आहे, कारण काटेरी गुलाबाच्या आळ्यात कोणी पाय ठेवत नाही. दोरा, तार, जरीचा कागद आणि कापूर-अगरबत्तीची वेष्टने काढून टाकावीत, हार सुटे करावेत, दूर्वा व पत्री बारीक चिरावी, कोरड्या पाल्याबरोबर थर देऊन वर थोडे जुने शेणखत पसरावे आणि ढीग ओलसर ठेवून अधूनमधून वरखाली करावा. भाद्रपदातल्या गणपतीचे निर्माल्य दसऱ्यानंतरच्या छाटणीच्या वेळी अद्याप कच्चे असते, ते त्या आळ्यात घालण्याची घाई करू नये, कारण कुजण्याची क्रिया मुळांशीच चालली तर झाडाच्या वाट्याचे नत्र त्यातच खर्ची पडते. पौषापर्यंत ते काळे, मोकळे आणि मातीच्या वासाचे होते. पहिला बहर ओसरल्यावर त्या वेळी गुलाबाला ते दिले, तर पुढच्या फुटव्यावरच्या कळ्या माघी गणेश जयंतीच्या सुमारास धरू लागतात.